अर्धी विहीर गावाची

एप्रिल १९६५ मधल्या एका रविवारी मुंबईच्या दैनिकात आठ ओळींची जाहिरात आली. तारापूर येथील शंभर वर्षांची ऐतिहासिक हवेली, संपूर्ण दुरुस्त केलेली, विकणे आहे. दोन मजले, बारा खोल्या, सागवानी जिना, रंगीत काचांची तावदाने, दिवाणखान्यात मूळ शिलालेख. स्वतंत्र गोड्या पाण्याची विहीर. कचेरीस अगर राहण्यास योग्य. अणुवीज केंद्राच्या कामापासून मोटारीने पंधरा मिनिटे.

जिना खरोखरच सागवानी होता. काचाही रंगीत होत्या, आणि त्यांतल्या फुटलेल्या चौदा काचा सुरतेहून आणून बसवल्या होत्या. शिलालेखही मूळचाच होता, फक्त त्याची मूळ जागा दिवाणखाना नव्हती. आणि विहीर स्वतंत्र नव्हती. ती अर्धी होती. उरलेली अर्धी गावाची होती, आणि हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते.

हवेली बांधली लाकडाचे व्यापारी शेट बेजनजी यांनी. तारापूरच्या किनाऱ्याला तेव्हाही गोड्या पाण्याचे हाल होते. मच्छीमारांच्या मांगेलवाड्यातल्या विहिरींना खारे पाणी. भांडी घासायला चालते, डाळ त्यात शिजत नाही. बेजनजींच्या जागेत मात्र गोडा झरा लागला. त्यांनी विहीर बरोबर कुंपणाच्या रेषेवर खोदली. विहिरीच्या मधोमध दगडी कमान टाकली आणि कुंपणाची भिंत त्या कमानीवरून नेली. आतला अर्धा काठ हवेलीचा, बाहेरचा अर्धा रस्त्याचा. पाणी एकच. बाहेरच्या अंगाला, भिंतीत छातीच्या उंचीवर, काळ्या दगडावर गुजरातीत पाच ओळी कोरून बसवल्या.

मांगेलवाड्यातल्या बासष्ट घरांपैकी एकाही घरातल्या बाईला गुजराती वाचता येत नव्हते. तरी त्या पाच ओळी प्रत्येकीला पाठ होत्या. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवी नवरी पहिली घागर भरायला या विहिरीवर येई. सासू तिचा तळवा धरून दगडाच्या पहिल्या ओळीवर ठेवी, ती ओळ म्हणे, नवरी तिच्यामागून म्हणे. मग हात खाली सरके, दुसरी ओळ. पाच ओळी झाल्या की घागर विहिरीत जाई. बेजनजींचे नाव, त्यांच्या बापाचे नाव, संवत, आणि मग शेवटच्या दोन ओळी: "आ कूवो अडधो घरनो, अडधो गामनो. पाणी भरनारने कोईए रोकवो नहीं." विहीर अर्धी घराची, अर्धी गावाची. पाणी भरणाऱ्याला कोणी अडवू नये.

बेजनजींचे वारस मुंबईला राहत. त्यांनी हवेली विकली ती दादरच्या श्रीपाद कर्णिक नावाच्या ठेकेदाराला. अणुवीज केंद्राचे काम सुरू झाले होते. इंजिनिअर येत होते, कंपन्या येत होत्या, आणि बोईसरपासून किनाऱ्यापर्यंत बरे घर मिळणे मुश्कील झाले होते. हवेली दुरुस्त करून विकायची, हा कर्णिकांचा हिशेब सरळ होता. मात्र सिमेंट परमिटवर मिळे, आणि तालुक्यात येणारे बहुतेक सिमेंट केंद्राच्या कामावर जाई. म्हणून कर्णिकांनी जुन्या पद्धतीचा चुना धरला. तो मांगेलवाड्यात होई. बायका खाडीतून कालवांच्या आणि तिसऱ्यांच्या शिंपा गोळा करत, गोड्या पाण्यात तीन वेळा धूत, भट्टीत भाजत आणि पुन्हा गोड्या पाण्यातच विझवत. भट्टी येसूबाईची होती. पन्नाशीची, अंगाने किडकिडीत, सुकी मासळी विकणारी बाई. कर्णिकांनी चुन्याचे सगळे काम तिलाच दिले.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कर्णिकांनी तिला विहिरीवर बोलावले.

"येसूबाई, विहिरीतला गाळ काढायचाय. बाहेरची बाजू पंधरा दिवस बंद ठेवावी लागेल."

"ठेवा की. गाळ काढताना आमी झावळ्यांचा झाप बांधतो आडोशाला. नारळ फोडला का मग परत भरतो."

"झापानं काय होतंय? कोणी पडलं तर? कच्ची भिंत घालतो बाहेरच्या काठावर. चुना तुझाच."

गाळ काढताना विहीर झाकायची आणि साफ झाल्यावर नारळ देऊन उघडायची, ही रीत मांगेलवाड्यात बेजनजींच्या आधीपासूनची होती. तेवढ्या दिवसांत कोणी बाई तिकडे घागर घेऊन फिरकत नसे. त्यामुळे कोणाला शंका आली नाही. भिंतीचा दगड वाहून आणला मांगेलवाड्यातल्या अकरा बायकांनी. त्यांत येसूबाईची सून हंसा होती. वर्षभरापूर्वीच तिने पाच ओळींच्या दगडावर हात ठेवून पहिली घागर भरली होती. चुना भट्टीतला उत्तम, गोड्या पाण्यात तीनदा धुतलेला. गवंडी जिव्याने भिंत बांधली दीड फूट जाडीची.

"कच्ची भिंत अशी असते व्हय रं?" रंभाबाईने त्याला विचारले. रंभाबाई येसूबाईची शेजारीण, बोलायला फटकळ.

"सायबानं सांगलं तशी बांधतो. मी काय मालक हाय?"

तीन दिवसांनी त्याच जिव्याने पाच ओळींचा दगड भिंतीतून काढला. साफ करायला नेतोय, असे सांगितले.

पंधरा दिवस झाले, पंचवीस झाले. विहिरीत कोणी उतरले नाही, गाळाची एक पाटी वर आली नाही. बायका चिंचणीच्या बाजूच्या विहिरीवर जाऊ लागल्या, जाऊन-येऊन अडीच मैल. हंसाला सहावा महिना लागला होता. येसूबाईने तिची घागर बंद केली आणि स्वतः दोन खेपा वाढवल्या.

महिना भरल्यावर येसूबाई हवेलीच्या फाटकावर गेली. पहाऱ्यावर नवशा होता. डोंगरपट्टीवरून कामाला आलेला, भात कापून झाल्यावर मिळेल ते काम धरणारा माणूस.

"नवशा, सायेब हाय?"

"हाय. पन आत सोडू नको सांगलंय. मना का शिव्या देतेस, काकी?"

"अजून दिली नाय."

"मंग तशी का बघतेस?"

कर्णिक स्वतःच बाहेर आले. येसूबाईने गाळाचे विचारले. ते म्हणाले, गाळाचे काम पुढे ढकलले आहे. तिने भिंतीचे विचारले. ते म्हणाले, भिंत आहे ती बरी आहे, मोठ्या लोकांना घर दाखवायचे तर दारात दिवसभर कलकलाट नको.

"कलकलाट नाय सायेब, पानी भरतो आमी. शंभर वरसं भरतो."

"जागा माझी आहे. खरेदीखत आहे माझ्याकडे. तुझ्याकडे काय आहे?"

"दगड हाय."

"तो पण माझाच आहे."

येसूबाईने मग कामाचे काढले. दिवाणखान्याच्या गिलाव्याचा चुना अजून द्यायचा होता आणि भट्टीवर शिंपा धुवायला गोडे पाणी राहिले नव्हते. निदान चुन्यापुरते आतून पाणी द्या, असे ती म्हणाली.

"वाड्यातल्या विहिरीचं वापर."

"ते खारं हाय. खाऱ्या पान्यात धुतलेला चुना भिंत खातो. चार महिन्यांत फुगून येतो."

"पाणी ते पाणी. तुला भट्टी कळते, भिंतीतलं काय कळतं?"

जिव्या तेव्हा परातीत माल कालवत बाजूलाच उभा होता. त्याने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. येसूबाईचे शब्द त्याने ऐकले होते, हे पुढे महत्त्वाचे ठरले.

दुसऱ्या दिवशी रंभाबाई म्हणाली, चुना देऊच नका. पण भट्टीवर सोळा बायकांच्या चुली चालत होत्या. चुना खाऱ्या पाण्यात धुतला गेला, खाऱ्या पाण्यात विझवला गेला आणि दिवाणखान्याच्या चारही भिंतींवर चढला.

मार्चमध्ये येसूबाई आणि रंभाबाई बोईसरहून गाडी धरून तालुक्याच्या कचेरीत गेल्या. तिथल्या कारकुनाने उताऱ्यावर बोट ठेवून दाखवले की विहीर मालकाच्या नंबरात आहे. वहिवाट असेल तर पुरावा आणा, तो म्हणाला.

"दगडावर लिवलंय," येसूबाई म्हणाली.

"दगड कुठे आहे?"

"सायबाच्या दिवाणखान्यात."

कारकून वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "मग त्यांना सांगा आणायला." रंभाबाईने परतीच्या वाटेवर हे वाक्य इतक्या वेळा त्याच्या आवाजात म्हणून दाखवले की पालघर स्टेशनवरची माणसे हसू लागली. येसूबाई हसली नाही.

दगड दिवाणखान्यात होता हे खरे. कर्णिकांनी जिन्यासमोरच्या भिंतीत त्याच्यासाठी कोनाडा करून घेतला होता. दगड कोनाड्यापेक्षा लांब निघाला. कोनाडा वाढवण्याऐवजी त्यांनी दगडाचा खालचा भाग गिलाव्याखाली घेतला. त्यामुळे बेजनजींचे नाव, त्यांच्या बापाचे नाव आणि संवत दिसत राहिले. शेवटच्या दोन ओळी चुन्यात बुडाल्या. दिसणाऱ्या अक्षरांत सोनेरी रंग भरला. हे जागेच्या अडचणीमुळे झाले असे कर्णिक पुढे सांगत. जागेच्या अडचणीने नेमक्या त्याच दोन ओळी कशा शोधून काढल्या, हे मात्र ते सांगू शकले नाहीत.

जाहिरातीवरून सहा जण हवेली पाहून गेले. सातवे आले ते मजमुदार, यंत्रसामग्री पुरवणाऱ्या एका कंपनीचे मॅनेजर, मूळचे भरूचकडचे. खाली कचेरी आणि वर इंजिनिअरांची राहण्याची सोय, असा त्यांचा विचार होता. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमारास ते आले. हवा दमट होती. जिना त्यांनी पायरी पायरीने वाजवून पाहिला. तावदाने उघडून पाहिली. दिवाणखान्यात आले आणि थांबले.

चारही भिंतींना कमरेइतक्या उंचीपर्यंत पांढरी बुरशीसारखी फुले आली होती. मजमुदारांनी बोट लावले आणि जिभेला टेकवले.

"मीठ आहे, कर्णिक."

"दर्याकाठ आहे साहेब, थोडं चालायचंच."

"जिन्यात नाही, वर नाही. इथंच कसं?"

कर्णिकांनी जिव्याला हाक मारली. जिव्या म्हणाला, चुन्याचा दोष. कर्णिक म्हणाले, बघा, या बायकांनी फसवले. मजमुदार म्हणाले, बोलवा त्या बाईला. मला चुना कुठून आला ते कळल्याशिवाय पुढे बोलणे नाही.

नवशा धावत गेला. येसूबाई, हंसा आणि रंभाबाई आल्या. चार महिन्यांत पहिल्यांदाच फाटक त्यांना उघडले गेले.

"काय गं, कसला चुना दिलास?" कर्णिक ओरडले. "साहेबांसमोर सांग!"

"खारा दिला," येसूबाई म्हणाली. "तुमाला सांगून दिला. गोडं पानी तुमी कोंडलात. मी म्हनलं, भिंत खाईल. तुमी म्हनलात, पानी ते पानी. जिव्या, तू उभा व्हतास ना रं?"

जिव्याने कर्णिकांकडे पाहिले, मग आपल्या थापीकडे. "व्हतो," तो म्हणाला. "असंच बोलणं झालं."

"कोंडलं म्हणजे?" मजमुदारांनी विचारले. "विहीर तर स्वतंत्र आहे ना?"

कर्णिक काही म्हणायच्या आत येसूबाई कोनाड्यासमोर गेली. तिने पदराने हात पुसला आणि तळवा पहिल्या ओळीवर ठेवला. ती म्हणू लागली. हंसाही तिच्यामागून म्हणू लागली, सवयीने, नव्या नवरीसारखी. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. येसूबाईचा हात खाली सरकला आणि गिलाव्यावर आला. ती थांबली नाही.

"आ कूवो अडधो घरनो, अडधो गामनो."

मजमुदार पुढे झाले. "हे तुम्हाला वाचता येतं?"

"नाय. हे हितं हाय, येवढं माहीत हाय." तिने भिंतीवर हात थापटला. खपली सुटून तिच्या पायाशी पडली. "अन् त्याच्याखाली आजून येक हाय."

मजमुदारांनी खिशातून किल्ली काढून खरवडायला सुरुवात केली. चांगल्या चुन्यावर किल्लीचा ओरखडाही उठला नसता. हा मिठाने भुसभुशीत झालेला होता, पिठासारखा गळत राहिला. चौथी ओळ निघाली. मग पाचवी. मजमुदारांनी ती मोठ्याने वाचली. येसूबाईने म्हटले होते तसेच, अक्षरान्‌अक्षर.

"बेजनजींचं नाव सोन्यानं रंगवलंत, त्यांचा शब्द मातर पुरलात," रंभाबाई म्हणाली. "भारी कारागीर हो सायेब तुमी!"

मजमुदारांनी हात झटकले. ते धर्मात्मे नव्हते आणि त्यांनी तसा आवही आणला नाही. "कर्णिक," ते म्हणाले, "मला घर घ्यायचंय, कज्जा नाही. उद्या माझ्या कंपनीच्या दारात बासष्ट घरं रिकाम्या घागरी घेऊन उभी राहिली तर मी काय सांगू? विहीर उघडा. हा दगड जिथला तिथं लावा. या खोलीचा गिलावा पाडून नवा करा. पावसाच्या आत. नाहीतर चिंचणीत मला दुसरं घर दाखवतायत."

मोटार गेली. कर्णिकांनी आवाज बदलला.

"येसूबाई, तुम्ही मोठ्या आहात." आतापर्यंत ते तिला अगं-तुगं करत होते. "नवा चुना द्या. मी दर सोमवारी आणि शुक्रवारी सकाळी फाटक उघडायला सांगतो. आतून पाणी न्या."

"अन् एकादशीला?" रंभाबाईने विचारले. "त्या दिशी आमी उपाशी ऱ्हायाचं, पन तहान लागली तर?"

नवशा तोंड फिरवून हसला.

"अहो, मी मेहेरबानी करतोय, आणि तुम्ही थट्टा—"

"मेहेरबानी नको." येसूबाईचा आवाज चढला नाही. "माझी सून पोटुशी. तीन महिने तिच्या वाटची घागर मी अडीच मैल वाहते. त्याच वाटेवर आमच्या वाड्यातली सोजराबाई घागरीसकट पडली, तिचा हात मोडला. का? पानी आटलं म्हणून नाय, तुमाला कलकलाट नको म्हणून. अन् भिंत आमच्या हातानं बांधून घेतलीत, गाळाचं खोटं सांगून. सोमवार-शुक्रवार तुमचे तुमाला ठेवा."

"मग चुना?"

"शिंपा धुवायला गोडं पानी लागंल. ते भिंतीपल्याड हाय."

कर्णिकांना हे समजायला थोडा वेळ लागला. आतल्या काठावरून पाणी देतो, ते म्हणाले. येसूबाईने मान हलवली. पाणी रस्त्याच्या काठावरून निघेल, घागर बाहेरून पडेल, तरच भट्टी पेटेल. सिमेंटचे परमिट मिळवायचे तर कर्णिकांना पावसाळा उलटेपर्यंत थांबावे लागले असते. सातपाटीला दुसरी भट्टी होती. कर्णिकांनी दुसऱ्या दिवशी तिथे माणूस पाठवला. तिथल्या बायकांनी त्याला पाणी पाजले आणि परत पाठवले. त्यांच्यातल्या दोघी मांगेलवाड्याच्या माहेरवाशिणी होत्या.

तिसऱ्या दिवशी भिंत पाडायला घेतली. दुपारपर्यंत होईल, असा जिव्याचा अंदाज होता. पुरे दोन दिवस लागले. ती भिंत गोड्या पाण्यात तीनदा धुतलेल्या चुन्याची होती. त्या सबंध हवेलीत नव्या कामातली सगळ्यात पक्की भिंत तीच होती.

"फुकट मजबूत बांधलीस रं," रंभाबाई पहारीच्या प्रत्येक घावाला म्हणत होती.

"चुना कोनाचा व्हता?" जिव्या घाम पुसत म्हणाला.

दुसऱ्या संध्याकाळी बाहेरचा काठ मोकळा झाला. येसूबाईने नारळ फोडला. चुन्यासाठी पहिल्या घागरी भट्टीवर गेल्या. त्या चुन्याचा पहिला घाणा तयार झाला तेव्हा कर्णिकांनी तो दिवाणखान्यासाठी मागितला. येसूबाईने तो अडवला. आधी दगड.

दगड चौघा माणसांनी उचलून बाहेर आणला. सोनेरी रंग वरच्या तीन ओळींत होता, खालच्या दोन कोऱ्या होत्या. जिव्याने खाचेत माल भरला, दगड बसवला, ओळंबा लावला, कडा लिंपल्या. कर्णिक छत्री धरून उभे होते. मजमुदारांना तार करण्याची त्यांना घाई होती.

"झालं, येसूबाई. समाधान?"

येसूबाईने तळवा पहिल्या ओळीवर ठेवला, मग दुसरीवर, मग तिसरीवर. चौथीवर क्षणभर थांबली. पाचवीवर हात गेला तेव्हा तिच्या बोटांना ओला चुना लागला.

"जिव्या, पाचवीची कड बुडली."

"येवढीशी तर हाय, काकी. अक्षरं दिसतात."

"खरवड."

जिव्याने खरवडले. तिने पुन्हा वरपासून हात फिरवला. पाचही बोटे कोरडी परत आली.

"आता तरी?" कर्णिक म्हणाले. "मला पोस्टात जायचंय."

"तुमी जा की," येसूबाई म्हणाली. "चुना ओला हाय. सुकंपर्यंत आमी हितंच हाव."

तिने घागर पालथी घातली आणि दगडासमोर बसली. हंसा तिच्या शेजारी बसली, मग रंभाबाई. रस्त्यावरून आणखी बायका येत गेल्या. हात गळ्यात बांधलेली सोजराबाई शेवटी आली. कोणीतरी सरकून तिला कमानीच्या सावलीत जागा करून दिली.